फ्रीकॅडमध्ये व्ह्यू वेगळा सेव्ह करणं: साडेतीन स्टार, आणि का ते

फ्रीकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरचा, रिव्ह्यू लिहितेय पण अख्ख्या फ्रीकॅडचा नाही हं. पॅड कसं, पॉकेट कसं, असेंब्ली जमते की नाही यावर लोकांनी ढीगभर लिहिलंय. मी एकच गोष्ट बघणारे. मॉडेल एकच, पण ते बघणारी माणसं पाच, प्रत्येकाला वेगळं दिसायला हवंय, तर ते दिसणं मॉडेलला हात न लावता नाव देऊन बाजूला ठेवता येतं का आणि हवं तेव्हा जसंच्या तसं परत आणता येतं का. या निकषावर माझ्याकडून पाचापैकी साडेतीन. पाया मस्त आहे, सोय पण आहे, पण ती सोय तीन ठिकाणी पसरलीये आणि तिन्ही ठिकाणी थोडी थोडीच आहे.

बोलतेय ते १.० बद्दल, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं ते. प्रोजेक्ट २००२ पासून चालू आहे आणि १.० हा आकडा लावायला बावीस वर्षं घेतली, म्हणजे आमच्या बडोद्यात म्हणतात तसं एकदम निरांते, निवांत. फुकट आहे, लायसन्स एलजीपीएल (ओपन सोर्स), विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर चालतं. हे सगळ्यांना माहितीये, पुढे जाऊ.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका छोट्या डिझाइन ऑफिसात आहे. आमचं मुख्य काम स्किडचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्किड म्हणजे एका लोखंडी बेस फ्रेमवर टाकी, पंप, हीट एक्सचेंजर, त्यांची पायपिंग, केबल ट्रे, शिडी, रेलिंग सगळं बसवून तयार करायचं आणि उचलून प्लांटवर नेऊन ठेवायचं. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, मग खताचे कारखाने, पेट्रोकेमिकल, नंदेसरीतले केमिकलवाले, त्यामुळे बडोद्याच्या आसपास असल्या कामाला मरण नाही आणि मकरपुऱ्यात दर चार शेडमागे एक फॅब्रिकेटर सापडतो.

आता एकाच स्किडच्या मॉडेलकडे कोण कोण बघतं ते बघा. फॅब्रिकेटर भाईंना फक्त बेस फ्रेम आणि टाकीचे सपोर्ट हवेत, पाइप दिसले की ते वैतागतात, "बेन, आ बधु काढी नाखो ने" (ताई, हे सगळं काढून टाका ना) म्हणतात. पायपिंगवाल्याला फ्रेम फिकट आणि पाइप ठळक हवे. इलेक्ट्रिकलवाला केबल ट्रे आणि मोटरचं टर्मिनल बॉक्स कुठल्या बाजूला आहे एवढंच विचारतो. इन्स्पेक्शनला येतो त्याला नोझल (टाकीला पाइप जोडायचं तोंड) कुठे, कुठल्या कोनात, फ्लँजसमोर (त्या तोंडाची बोल्टवाली कडी) स्पॅनर फिरवायला जागा आहे का. आणि क्लायंटच्या साहेबांना सगळं रंगीत, चकचकीत, थोडं तिरकं, प्रेझेंटेशनमध्ये लावायला. मॉडेल मात्र एकच राहिलं पाहिजे, पाच कॉप्या केल्या की पाचवीत नोझल सरकतं आणि पहिल्या चारात जुन्याच जागी राहतं, हे ह्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

व्ह्यू म्हणतो तेव्हा आपण खरं तर चार-पाच वेगळ्या गोष्टी एका दमात बोलत असतो. कॅमेरा कुठे उभा आहे आणि किती झूम आहे ही एक. पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसतं) की ऑर्थो (लांबचं-जवळचं एकाच मापात). कुठलं ऑब्जेक्ट दिसतंय आणि कुठलं लपवलंय. जे दिसतंय ते कसं दिसतंय, म्हणजे शेडेड का वायरफ्रेम (नुसत्या कडांच्या रेषा), रंग कुठला, पारदर्शक किती. आणि कुठे कापलंय का. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ठरवावं लागतं की यातलं काय काय एका नावाखाली बांधायचं आणि काय मोकळं सोडायचं. सगळं एकत्र बांधलं तर नुसता कॅमेरा हवा असताना लपवलेले पाइप पण परत येतात, आणि सगळं सुटं ठेवलं तर माणूस दिवसभर दाखव-लपवचं डोळ्याचं बटण दाबत बसतो. मला हवंय ते मधलं, सेव्ह एकत्र होऊ दे पण परत आणताना काय आणायचं ते मी ठरवणार.

फ्रीकॅडचा पाया मस्त म्हटलं तो का ते आधी. फ्रीकॅडची फाइल, ते एफसीएसटीडी एक्स्टेन्शनवालं, ही मुळात झिप फाइल आहे. कॉपी करा, शेवटी झिप नाव द्या, उघडा, आत दिसेल. एक डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल, त्यात ऑब्जेक्ट कुठली, मापं काय, कुणावर कोण अवलंबून, हा सगळा हिशोब. आणि दुसरी गुई-डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल, तिच्यात रंग, रेषेची जाडी, पारदर्शकता, डिस्प्ले मोड आणि फाइल सेव्ह करताना कॅमेरा कुठे होता ते. आकार स्वतः बीआरपी फाइलींमध्ये वेगळे. म्हणजे काय आहे आणि कसं दिसतंय हे दोन फाइलींत आधीच वेगळं केलेलं आहे. फ्रीकॅड विनास्क्रीन, कमांड लाइनवर चालवलं तर दुसरी फाइल तो वाचतच नाही, कारण बघायलाच कुणी नसतं. कॉपीमधून गुई-डॉक्युमेंट काढून टाका, रंगरूप जाईल, पण टाकीचा व्यास एक मिलिमीटरही हलणार नाही. (ओरिजिनल फाइलवर हा प्रयोग करू नका, सांगून ठेवते.)

हीच वाटणी स्क्रीनवर पण दिसते. ऑब्जेक्ट निवडलं की खाली प्रॉपर्टीच्या दोन टॅब असतात, डेटा आणि व्ह्यू. लांबी रुंदी जागा डेटात, रंग ट्रान्सपरन्सी लाइन विड्थ व्ह्यूत. नवीन पोरांना शिकवताना मला हे फार उपयोगी पडतं, व्ह्यूच्या टॅबवर काय वाट्टेल ते खेळा, माल चुकीचा कापला जाणार नाही.

आणि तिसरा थर आहे तो फाइलमध्ये नाहीच, तो तुमच्या मशीनवर. बॅकग्राउंडचा रंग, माउस कसा फिरवायचा (कॅड स्टाइल, ब्लेंडर स्टाइल, जेश्चर, टचपॅड, रेव्हिट, बरेच आहेत), हे सगळं यूजर डॉट सीएफजी नावाच्या फाइलीत जातं. त्यामुळे माझी फाइल ज्युनियरच्या मशीनवर उघडली तर त्याची काळी बॅकग्राउंड काळीच राहते, माझी पांढरी त्याच्यावर लादली जात नाही. ही आवडनिवड पण प्रेफरन्स पॅक म्हणून नाव देऊन ठेवता येते. एक प्रोजेक्टरवर दाखवायला पांढरा, एक रात्री काम करायला गडद. माणसाची आवड, फाइलचं रूप आणि मॉडेल हे तीन थर इतके स्वच्छ वेगळे ठेवलेत याला माझे दोन स्टार तिथेच.

आता खरा प्रश्न, एका फाइलमध्ये पाच व्ह्यू पाच नावांनी ठेवायचे. आणि इथे शोधाशोध चालू होते.

पहिली सोय एकदम साधी, शिफ्ट एंड दाबा, आत्ताचा कॅमेरा लक्षात ठेवला, फिरा कुठेही, नुसतं एंड दाबा, परत तिथेच. वर्किंग व्ह्यू म्हणतात त्याला. एकच जागा लक्षात राहते. नोझलपाशी जवळ जाऊन काम करतेय, मध्येच पूर्ण स्किड बघायचाय, परत नोझलपाशी यायचं, एवढ्यासाठी छान. शून्य ते सहा हे आकडे दाबून आयसोमेट्रिक, फ्रंट, टॉप वगैरे मिळतात ते वेगळे, ते सगळ्यांना येतात.

दुसरी सोय व्ह्यू मेनूत फ्रीझ डिस्प्ले. शिफ्ट एफ दाबलं की आत्ताचा कॅमेरा गोठवला आणि त्याच मेनूत त्याची एक ओळ आली. असे बरेच गोठवता येतात. पण ह्या ओळी मॉडेलच्या फाइलमध्ये जात नाहीत! प्रोग्राम बंद केला की गेल्या. ठेवायच्या असतील तर त्याच मेनूत सेव्ह व्ह्यूज आहे, तो कॅम एक्स्टेन्शनची एक छोटी वेगळी फाइल बनवतो, आणि लोड व्ह्यूजने ती परत आणता येते.

आता यावर लोकांची दोन मतं होतील आणि दोन्ही बरोबर आहेत. एक म्हणजे हे गैरसोयीचं आहे, दोन फाइली सांभाळा, एक राहिली की बोंबला. पण दुसऱ्या बाजूने बघा, व्ह्यू सेटिंग खरोखर वेगळं सेव्ह होतंय, मॉडेलच्या फाइलला अजिबात न शिवता. आमच्याकडे स्किडच्या चार साइज असतात, फ्रेम तशीच, मापं वेगळी, ओरिजिन (मापांचा शून्य बिंदू) आम्ही कायम बेस फ्रेमच्या एकाच कोपऱ्यात धरतो. तर एकच कॅम फाइल चारही मॉडेलवर लोड करायची आणि चौघांचे फोटो त्याच कोनातून, कॅटलॉगला शेजारी शेजारी लावले तर एका नजरेत साइजचा फरक कळतो. व्ह्यू मॉडेलच्या पोटात असता तर हे असं जमलं नसतं. फक्त त्यात कॅमेराच आहे, काय लपवलंय ते नाही. आणि मेनूतल्या ओळींना धड नाव देता येत नाही, कुठला गोठवलेला व्ह्यू कुठला ते क्लिक करूनच बघायचं. इथे अर्धा स्टार गेला.

तिसरी सोय हीच खरी, आणि ती अशा ठिकाणी ठेवलीये की सांगितल्याशिवाय सापडणार नाही. ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या कमांडचा संच) जा, युटिलिटीजमध्ये वर्किंग प्लेन प्रॉक्सी नावाची कमांड आहे. नाव वाचून कोणाला वाटेल हे व्ह्यू सेव्ह करायचं आहे? ते मुळात आहे वर्किंग प्लेन, म्हणजे आपण ज्या पातळीवर काढतोय ती पातळी, साठवून ठेवायला. पण ते साठवताना त्या क्षणाचा कॅमेरा पण साठवतं आणि फाइलमधलं कुठलं ऑब्जेक्ट दिसतंय कुठलं लपलंय ही अख्खी यादी पण साठवतं. ट्रीमध्ये, म्हणजे बाजूच्या ऑब्जेक्टच्या यादीत, त्याची एक नोंद येते, तिला मराठीत नाव द्या, आमच्याकडे "भाईंसाठी फक्त फ्रेम" असं नाव आहे, डबल क्लिक केलं की तो व्ह्यू हजर.

आणि इथे ते आहे जे मला हवं होतं. प्रॉक्सीच्या व्ह्यू टॅबमध्ये दोन वेगळे होय-नाहीचे खटके आहेत, रिस्टोअर व्ह्यू आणि रिस्टोअर स्टेट. पहिला म्हणजे कॅमेरा परत आणायचा का, दुसरा म्हणजे दिसणं-लपणं परत आणायचं का. दोन्ही चालू ठेवा, एकच ठेवा, तुमची मर्जी. राइट क्लिकमध्ये पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आत्ताचा कॅमेरा लिहून ठेव आणि आत्ताची ऑब्जेक्टची स्थिती लिहून ठेव. म्हणजे कॅमेरा चांगला सापडलाय पण लपवलेलं जुनंच बरं होतं, तर फक्त कॅमेरा बदला. मी इलेक्ट्रिकलवाल्यासाठी जी प्रॉक्सी केलीये तिच्यात फक्त स्टेट चालू आहे, कारण त्याला ट्रे कुठूनही बघायची असते, मी एका कोनात आणून उभं केलं की तो लगेच फिरवणारच. आणि क्लायंटवालीत दोन्ही चालू, कारण साहेबांना माउस देतच नाही.

हे सगळं एफसीएसटीडी फाइलमध्येच राहतं, वेगळं काही पाठवावं लागत नाही. ऑब्जेक्टची यादी आतल्या नावाने ठेवतो, आपण ट्रीत दिसणारं लेबल बदललं तरी तुटत नाही, हे पण चांगलं.

त्रास काय? एक, डबल क्लिक केलं की वर्किंग प्लेन पण त्या प्रॉक्सीच्या पातळीवर जाते, कारण ती मुळात त्याच्यासाठीच आहे. नुसता व्ह्यू बघायला गेलात आणि मग ड्राफ्टमध्ये रेघ काढली तर ती उभ्या पातळीवर. म्हणून आम्ही सगळ्या व्ह्यूवाल्या प्रॉक्सी एक्सवाय, म्हणजे आडव्या, पातळीवरच बनवतो, कॅमेरा काही का असेना. दोन, स्क्रीनवर ते चौकोन आणि बाणांचं चिन्ह येतं, ते प्रॉक्सी निवडून स्पेस दाबली की लपतं किंवा साइज कमी करता येते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रॉक्सी केल्यानंतर जे नवीन ऑब्जेक्ट बनेल ते तिच्या यादीत नसतं. यादीत नाही म्हणजे प्रॉक्सी त्याला हात लावत नाही, ते दिसत असेल तर दिसतच राहणार. "भाईंसाठी फक्त फ्रेम" उघडलं तर फ्रेम, आणि हवेत लटकलेला काल जोडलेला एक व्हॉल्व्ह.

यावर तोडगा आहे. सुरुवातीलाच पार्ट कंटेनर करून ठेवायचे, फ्रेम, टाकी, पायपिंग, इलेक्ट्रिकल, शिडी-रेलिंग, आणि प्रत्येक नवीन वस्तू त्या त्या कंटेनरच्या आत. प्रॉक्सीने पायपिंगचा कंटेनर लपवला की आत नंतर आलेला व्हॉल्व्ह पण लपतो, कारण बापच दिसत नाही. मॉडेल सुरू करताना हे दहा मिनिटांचं काम आहे, अर्ध्यातून करायला गेलं तर डोकं उठतं. आमच्या ज्युनियरला पहिल्यांदा हे फालतू वाटलं, "ताई एवढे डबे कशाला", आता तोच टेम्प्लेट बनवून ठेवतो.

बरं हा नव्या वस्तूचा प्रॉब्लेम फ्रीकॅडचाच आहे असं नाही. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात आलं, चाळीस वर्षांवर झाली, त्यात लेयर (ड्रॉइंगचे थर) स्टेट मॅनेजर आहे. लेयर चालू-बंद, फ्रीझ, लॉक, रंग, लाइनटाइप हे सगळं नाव देऊन साठवायचं, एलएएस फाइल म्हणून बाहेर काढून दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पण घालता येतं. तिथेही स्टेट सेव्ह केल्यावर नवा लेयर आला तर तो यादीबाहेरच असतो, पण तिथे सरळ एक टिक दिलीये, स्टेटमध्ये न सापडलेले लेयर बंद कर. एक टिक! फ्रीकॅडच्या प्रॉक्सीत अशी टिक आली असती तर माझा अर्धा स्टार वाढला असता. शिवाय ऑटोकॅडच्या नेम्ड व्ह्यूमध्ये कॅमेऱ्याबरोबर लेयरचा स्नॅपशॉट पण साठवायचा का ते विचारतात, आणि लेआउटवर प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये लेयर वेगळा फ्रीझ करता येतो, म्हणजे एका कागदावर डावीकडे फक्त फ्रेम आणि उजवीकडे फ्रेम अधिक पाइप, मॉडेल तेच. टूडी ड्रॉइंगच्या कामात या व्ह्यूपोर्ट फ्रीझला तोड नाही, हे प्रामाणिकपणे म्हणायलाच पाहिजे.

स्केचअपचे सीन ज्यांनी वापरलेत त्यांना तर फ्रीकॅडचं हे सगळं आदिमानवाचं वाटेल. सीन करताना टिकांची यादीच असते, कॅमेरा ठेवायचा का, लपवलेल्या वस्तू, टॅग कुठले दिसतात, सेक्शन प्लेन, स्टाइल आणि धुकं, सावली, अक्ष. एकेक टिक काढा-घाला. इंटिरिअरवाले उगाच स्केचअपला चिकटलेले नाहीत. तिथेही नवा टॅग काढला की तो जुन्या सगळ्या सीनमध्ये दिसायला लागतो, म्हणजे हा व्हॉल्व्ह हवेत लटकायचा आजार सगळ्यांच्या घरात आहे. आणि सॉलिडवर्क्समध्ये तर कॉन्फिगरेशन वेगळं आणि डिस्प्ले स्टेट वेगळी. माप बदललं तर कॉन्फिगरेशन, नुसतं दिसणं बदललं तर डिस्प्ले स्टेट, आणि दोन्ही एकमेकांना जोडायचे की सुटे ठेवायचे याची पण टिक. विचार म्हणून मला तो सगळ्यात पटतो. पण त्याचं लायसन्स आमच्यासारख्या चार माणसांच्या ऑफिसला परवडायचं म्हणजे... असो.

फ्रीकॅडमध्ये जे प्रॉक्सी पण साठवत नाही ते म्हणजे रंग आणि पारदर्शकता. पायपिंगवाल्याला फ्रेम फिकट हवी आणि फॅब्रिकेटरला तीच फ्रेम ठळक, हे एका क्लिकवर होत नाही, कारण रंग हा ऑब्जेक्टचा आहे, व्ह्यूचा नाही. इथे माझा पूर्ण स्टार कापला. वळसा आहे एक, फ्रेमची लिंक बनवायची. लिंक म्हणजे दुसरी कॉपी नव्हे, त्याच ऑब्जेक्टचं दुसऱ्या जागी दिसणं, मूळ बदललं की ती पण बदलते. तिला ओव्हरराइड मटेरियल चालू करून फिकट राखाडी रंग द्यायचा, आणि पायपिंगच्या प्रॉक्सीत मूळ फ्रेम लपवून लिंक दाखवायची. चालतं, छान चालतं, पण ट्री लांबते आणि नवीन माणूस फाइल उघडून विचारतो इथे दोन फ्रेम का आहेत. म्हणून लिंकचं नाव "फिकट फ्रेम, फक्त बघायला" असं ठेवलंय.

कापून बघायचं असेल तर व्ह्यू मेनूतला क्लिपिंग प्लेन फक्त त्या वेळेपुरता, साठत नाही. साठवायचं असेल तर बीआयएम (इमारतींच्या कामाचं) वर्कबेंचचा सेक्शन प्लेन वापरा, १.० पासून बीआयएम आतच आलंय. तो ट्रीमध्ये एक ऑब्जेक्ट म्हणून राहतो, त्याला कट व्ह्यू चालू केलं की थ्रीडीत कापलेलं दिसतं. हीट एक्सचेंजरच्या आतल्या बॅफल (आडपडदे) दाखवायला मस्त.

दांडिया बाजारात आमच्या मावशीच्या जुन्या वाड्याचं रिपेअरचं काम निघालं तेव्हा बीआयएमचा अजून एक फायदा कळला. तिथे मजल्याला लेव्हल म्हणतात, आणि त्या लेव्हललाही प्रॉक्सीसारखाच रिस्टोअर व्ह्यूचा खटका आहे. म्हणजे पहिल्या मजल्यावर डबल क्लिक केलं की कॅमेरा वरून, वर्किंग प्लेन त्या मजल्याच्या फरशीवर. प्रॉक्सीत वर्किंग प्लेन हलते म्हणून मी वर कुरकुर केली, इथे तीच गोष्ट वरदान आहे, कारण मजला बदलला की पातळी बदललीच पाहिजे. मावशीच्या घरात सगळ्यांना एकच बघायचं होतं, जिना कुठून जाणार, तो व्ह्यू एका क्लिकवर होता आणि त्यावर घरात जी चर्चा झाली ती मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरची होती.

थोडं मॅक्रोचं, म्हणजे कमांड आपोआप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. ज्यांना पायथनची (प्रोग्रामिंगची भाषा) भीती नाही त्यांच्यासाठी फ्रीकॅडमध्ये फार सोपा रस्ता आहे. ॲक्टिव्ह व्ह्यूला गेटकॅमेरा विचारलं की कॅमेऱ्याचं पूर्ण वर्णन साध्या मजकुरात मिळतं, जागा, दिशा, उंची सगळं. तो मजकूर कुठेही ठेवा, टेक्स्ट फाइलमध्ये, एक्सेलच्या खान्यात, आणि सेटकॅमेराला दिला की कॅमेरा तिथे. आमच्याकडे नोझलच्या यादीची एक्सेल शीट असतेच, तिच्यात शेवटी कॅमेऱ्याचा एक कॉलम जोडलाय, एन-वन ते एन-बारा, प्रत्येक नोझलचा आपला कॅमेरा, मॅक्रो ओळीने एकेकापाशी जातो आणि फोटो काढतो. इन्स्पेक्शनच्या रिपोर्टला हे फोटो लावले की समोरचा माणूस खूश. कमांड माहीत नसेल तर पायथन कन्सोल उघडी ठेवून काम करा, तुम्ही जे क्लिक करता त्यातलं बरंचसं तिथे लिहून येतं, बघून बघून शिकता येतं.

ड्रॉइंग शीट म्हणजे टेकड्रॉ, तिथे व्ह्यूचा प्रश्न आपोआप सुटतो कारण शीटवरचा प्रत्येक व्ह्यू स्वतःची दिशा, स्केल आणि कुठली ऑब्जेक्ट घ्यायची ती यादी स्वतःजवळ ठेवतो. थ्रीडी खिडकीत तुम्ही मॉडेल उलटंपालटं करा, शीटवरचा एलिव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) ढिम्म हलत नाही. आमचे काका जुन्या वळणाचे ड्राफ्ट्समन, ट्रेसिंग पेपरच्या काळातले, खाली फ्रेमचा कागद, त्यावर पाइपचा, त्यावर इलेक्ट्रिकलचा, खुणा जुळवून एकावर एक, आणि अमोनिया प्रिंट काढताना हवे तेवढेच थर घ्यायचे. त्यांना टेकड्रॉ दाखवलं तर म्हणाले "हे बरं आहे, कागद सरकत नाही". बाकी कशाचं कौतुक केलं नाही.

राहिलं फाइल बाहेर पाठवायचं. समोरच्याकडे फ्रीकॅड असेल तर प्रॉक्सी, लेव्हल, सेक्शन सगळं फाइलबरोबर जातं, कॅम फाइल मात्र वेगळी जोडायला लागते. समोर फ्रीकॅड नसेल, आणि मकरपुऱ्यात बहुतेकांकडे नसतंच, तर स्टेप फाइल (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारी) द्यायची, तिच्यात आकार जातो, रंग जातो, पण तुमचा एकही सेव्ह केलेला व्ह्यू जात नाही. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) हवी असेल तर फ्रीकॅडला वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो, ओडीए फाइल कन्व्हर्टर सगळे वापरतात, डीएक्सएफ (ड्रॉइंग देवाणघेवाणीची फाइल) मात्र सरळ होते. म्हणून भाईंना मी स्टेप एकटी कधीच पाठवत नाही. प्रॉक्सी एकेक उघडायची, पायथन नाहीतर टूल्समधल्या सेव्ह इमेजने फोटो काढायचा, आणि टेकड्रॉच्या पीडीएफच्या मागे ते फोटो त्याच नावांनी जोडून द्यायचे, "भाईंसाठी फक्त फ्रेम" हे नाव फोटोखाली तसंच छापलेलं. शॉपवर वेल्डरच्या फोनवर पीडीएफच उघडते, तिथे कोणी डबल क्लिक करणार नाहीये.